चाँदबीची जागा

ते २०१३ साल होतं. आमच्या तालुक्याच्या गावाला क्रीडा संकुल मंजूर झालं आणि ते कुठे व्हावं यावरून चहाच्या टपऱ्या तापल्या. एक जागा आमच्या शाळेमागचं मैदान, तीन एकरांचं. दुसरी धारूर रस्त्यावरचं गायरान, गावापासून पाच किलोमीटर. गायरानाला लागून गावचे पुढारी मोहनराव यांची जमीन होती, आणि संकुलाच्या समितीत शब्द त्यांचाच चालायचा. संकुल बाहेर गेलं की शाळेमागे दुकानांचे गाळे बांधायचे, हेही ठरल्यात जमा होतं.

मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते, तरी सकाळी मुलींचा सराव घ्यायला मैदानावर जायची. अकरा मुली. त्यांत मुबश्शिरा सगळ्यांच्या पुढे. चौदा वर्षांची, अनवाणी पळायची. तिचा बाप शफी मोटारसायकली दुरुस्त करायचा, आजी चाँदबी बाजारात लिंबाखाली फळं विकायची, हंगामात सीताफळं.

बैठकीच्या आदल्या दिवशी चाँदबी माझ्या दारात उभी. "बाई, मोहनराव तुमचाच शागीर्द न्हवं? चला."

मोहनराव माझ्या पाया पडले. चहा आला. मी मुलींचं सांगितलं.

"बाई, तीन एकरात चारशे मीटरचा ट्रॅक बसतोय का? तुमीच गणित शिकवलंय मला."

"तेव्हाही कच्चाच होतास," मी म्हणाले.

ते मोकळे हसले. चाँदबीने बशी खाली ठेवली. "साहेब, गायरानाच्या बाजूला तुमची किती हाय?"

"सतरा एकर. खोटं कशाला बोलू?"

"मग तुमच्या जमिनीचा भाव पळंल की तिथं. आमच्या पोरीनं कुठं पळावं?"

 मोहनराव मुलींसाठी रिक्षा लावून देतो म्हणाले. ती कधी आली नाही.

ठराव गायरानाचाच झाला. वर्षभरात तिथे मैदान झालं, शाळेमागे गाळे उभे राहिले. पहाटेचा तो रस्ता सुनसान, घाटातून येणारे ट्रक सुसाट. अकरातल्या दहा मुलींना घरच्यांनी थांबवलं. मी पहिला आठवडा मुबश्शिरासोबत गेले, मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं.

शफी मला बघायला आला, सोबत चाँदबी. "बाई, मी मना करत न्हाई," तो म्हणाला. "पन सकाळी सहाला तिच्यासंगं कोन जाईल?"



आता चाँदबीच्या जागेचं सांगायला हवं. आमच्या बाजारात जागा दगडाने ठरते. जिचा दगड, तिची जागा. पण माल सकाळी सातच्या आत मांडायचा, आणि महिनाभर दगड रिकामा राहिला की तिथे दुसरी बसते. चाँदबीचा काळा दगड चौतीस वर्षं लिंबाच्या सावलीत होता. शेजारी छबुबाईची भाजी उन्हात. त्या सावलीवरून दोघी रोज भांडायच्या.

दुसऱ्या दिवशी चाँदबी म्हणाली, "छबे, सरक इकडं. बस सावलीत."

"कावून गं? मरायलीस का?"

"मैदानावर चाललेय. पोरीसंगं."

"तिथं कोन घेतंय तुझी सीताफळं? माकडं?"

"माकडंबी गिऱ्हाईकच की."

दूध आणायला रिकामा जाणारा ॲपे होता. त्यात दोन टोपल्या, चाँदबी आणि मुबश्शिरा. कित्येक दिवस टोपल्या जवळजवळ तशाच परत यायच्या.

"दादी, आज किती गेली?"

"तू किती फेऱ्या मारल्या ते सांग आधी."

चाँदबी मैदानाच्या फाटकात बसलेली असते, हे कळल्यावर आणखी पाच घरांनी मुली पाठवल्या.

मोहनराव पुढची निवडणूक हरले. गायरानाशेजारच्या जमिनीत त्यांनी पाडलेले निम्मे प्लॉट अजून तसेच पडून आहेत. ते रोज संकुलावर चालायला यायचे आणि जाताना चाँदबीकडून सीताफळं घ्यायचे. तिने त्यांना वर एकही फळ कधी घातलं नाही. शफीचं गॅरेज आता शाळेमागच्या गाळ्यात आहे. मुबश्शिरा पोलीस भरतीत निवडली गेली, जालन्याला असते. माझे गुडघे पुन्हा कुरकुरतात.

चाँदबी दोन वर्षांपूर्वी गेली. छबुबाई अजून लिंबाखाली बसते, पण त्या काळ्या दगडावर भाजीची पाटी ठेवत नाही, कुणाला बसूही देत नाही. नवं कुणी विचारलं, ही जागा कोणाची, तर म्हणते, "चाँदबीची. मैदानावर गेलीय ती."