काळी स्क्रीन

"हेडफोनला काही झालेलं नाही, ताई. ठणठणीत आहेत," कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला. "आवाज एवढा ठेवलाय तुम्ही, की माझेच कान किटले."

हेडफोन बिघडलेलेच निघावेत म्हणून ताई सकाळपासून मनातल्या मनात विनवण्या करत होत्या.

"उजव्या बाजूला जरा कमी येतो का?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छे, दोन्हीकडे सारखाच." त्याने हेडफोन त्यांच्या हातात दिले. "एक सांगू? स्क्रीनचा उजेड तेवढा कमी करा. तुम्हाला त्याचा काय उपयोग... म्हणजे, वाईट वाटून घेऊ नका. पण अक्षरं केवढी मोठी ठेवलीत! दारातून वाचता येतात."

"माझी स्क्रीन काळी असते," ताई म्हणाल्या.

"कुठली काळी? लख्ख चालू आहे. हे काय, लिहिलंय की, 'ताई, कानाच्या डॉक्टरांचा निरोप आला का?'"

ताईंनी दोन्ही हात पुढे करून स्क्रीन झाकली. झाकली म्हणजे काय, दोन तळहातांत मावेल तेवढी. धाकट्या बहिणीने आत्ताच पाठवलेला तो निरोप त्यांनी अजून ऐकलासुद्धा नव्हता.

ताई जन्मापासून आंधळ्या. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचे फोन घेत त्यांची उमर गेली होती. नळ कोरडा पडला, पाईप फुटला, गढूळ पाणी आलं, की अख्खं शहर ताईंच्या कानात ओरडायचं. ताई फोन ऐकत ऐकत तक्रार टाईप करायच्या आणि कॉम्प्युटरमधला बोलका प्रोग्राम स्क्रीनवरचं सगळं हेडफोनमध्ये त्यांना वाचून दाखवायचा. तोही इतक्या वेगाने, की दुसऱ्या कुणी हेडफोन लावले तर त्याला रातकिड्याची किरकिर वाटावी. नुसत्या हॅलोवरून त्या माणूस ओळखायच्या. डोळे नाहीत त्याची भरपाई देवाने कानांत केली आहे, असं कचेरीत सगळे म्हणायचे आणि ताईंनाही ते खरं वाटायचं.

स्क्रीन मात्र त्या पहिल्यापासून काळी ठेवत. त्यासाठी दोन-तीन बटणं एकदम दाबायची असत. ती दाबली की हेडफोनमध्ये आवाज यायचा, 'स्क्रीन बंद.' आपल्याला दिसत नाही ते दुसऱ्यांनीही का बघावं, हा त्यांचा साधा हिशेब. जेवणाच्या सुट्टीत त्या बहिणीशी लिहून गप्पा मारायच्या, त्यात घरचं-दारचं, कचेरीतल्या लोकांच्या नकला, सगळं यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मग मध्यंतरी कचेरीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी सिस्टीम आली. ताईंच्या जुन्या सवयी एका रात्रीत पुसल्या गेल्या. बोलक्याचा वेग, आवाज, सगळं त्यांनी चाचपडत पुन्हा बसवलं; त्या चाचपडण्यात अक्षरं मोठी झाली, ते मात्र त्यांना कळलं नाही. नेहमीची बटणंही दाबली. पण 'स्क्रीन बंद' काही ऐकू आलं नाही.

नेमका त्याच सुमारास त्यांचा उजवा कान दगा द्यायला लागला होता. 'प्रोग्राम बोलला असेल, मलाच ऐकू आलं नसेल,' असं ताईंनी धरलं आणि त्या गप्प बसल्या. स्क्रीन काळी झाली का, एवढं कुणालाही विचारता आलं असतं. पण नेहमी आवाजावरून कळतं तर आज का विचारता, असं कोणी उलट म्हटलं असतं तर? फोन घेणाऱ्या बाईचा कान गेला म्हटल्यावर तिला खुर्चीवर कोण ठेवणार! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणतात. इथे देवाने उरलेलंच परत मागायला सुरुवात केली होती.

तेव्हापासून रोज दुपारी त्यांनी बहिणीला काय काय लिहिलं होतं! 'डाव्याचाही भरवसा नाही म्हणाले डॉक्टर.' 'हे काम गेलं तर मी नुसती बसून राहणार का गं?' 'कुणाला कळू देऊ नकोस.' मोठ्या अक्षरांत. दारातून वाचता येईल असं.

अलीकडे कचेरीतले सगळे ताईंच्या डाव्या बाजूला येऊन बोलायला लागले होते. शिपाई चहाही डावीकडे ठेवत होता. टेबलं हलवली असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

"बडबड्या!" त्यांनी हाक मारली. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला सगळे याच नावाने ओळखत. खुर्ची सरकली आणि तो आला. डावीकडूनच आला.

"माझी स्क्रीन चालू असते, हे तुला माहीत होतं?"

बडबड्या टेबलावरचे कागद उगाच खालीवर करायला लागला.

"अरे, बोल ना!"

"ताई, मुद्दाम नाही वाचलं हो. अक्षरंच एवढी मोठी. मान वर केली की समोर तेच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर वाचलं, हेही सांगावं लागलं असतं. आधी वाटलं, उद्या सांगू. मग कानाचं वाचलं, आणि मग तर जीभच रेटेना. माझ्या तोंडाला वॉशर नाही असं लिहिलं होतं तुम्ही. तेही वाचलं. तरी बाहेर एका शब्दाने बोललो नाही, शप्पथ."

दुसरी वेळ असती तर ताई खळखळून हसल्या असत्या. आता त्यांना पुढचंच विचारायचं होतं.

"अजून कोणी वाचलं?"

"सगळ्यांनीच. साहेबांनी तर सगळ्यात आधी. त्यांनीच सांगितलं, ताईंशी डावीकडून बोला म्हणून. आणि फोन..."

"फोनचं काय?"

"थोडे आमच्याकडे वळवलेत. म्हाताऱ्या माणसांचे, पुटपुटणाऱ्यांचे. तुम्हाला त्रास नको म्हणून."

ताईंना कुणी भर चौकात मुस्कटात मारल्यासारखं झालं. फोन कमी झालेत हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. शहरातले पाईप सुधारले, लोकांना वेळेवर पाणी मिळायला लागलं, असं समजून त्या खूश होत्या. कालच त्यांनी बहिणीला तसं अभिमानाने लिहिलं होतं. तेसुद्धा या सगळ्यांनी मागे उभं राहून वाचलं असेल आणि कुणी हूं की चूं केलं नसेल. चांगली माणसं! या चांगुलपणाचं काय करायचं असतं, ते ताईंना कळेना.

गलका ऐकून साहेब आले. "ताई, आम्ही आपलं काळजीपोटीच केलं. तुम्ही निश्चिंत राहा. वरच्या ऑफिसला मी अजून काही कळवलेलं नाही."

तो 'अजून' ताईंना स्वच्छ ऐकू आला.

"माझे फोन मला परत जोडा, साहेब," त्या म्हणाल्या. "चुकले तर तोंडावर सांगा. ऐकू आलं नाही तर मी समोरच्याला पुन्हा विचारीन. नाहीच जमलं तर मी स्वतः उठून जाईन. पण माझ्या पाठीमागे माझी दया करू नका."

"बघू," साहेब म्हणाले. त्यांचे बूट लांब गेले. बडबड्याही गेला असावा.

दुरुस्तीवाला बिचारा अवघडून उभा होता. भलतंच काहीतरी आपल्या हातून फुटलं, एवढं त्याला उमगलं होतं. नव्या सिस्टीममध्ये स्क्रीन काळी करायची बटणं बदलली आहेत, असं म्हणून त्याने ताईंचा हात धरून बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. ताईंनी हेडफोन चढवून बटणं दाबली. डाव्या कानात आवाज आला, 'स्क्रीन बंद.'

"झाली काळी?"

"झाली, ताई. एकदम काळी." आणि सामान गोळा करून तो निघून गेला.

ताईंनी बहिणीला उत्तर लिहायला घेतलं. एक शब्द लिहिला आणि त्यांची बोटं थबकली. कॉम्प्युटर बंद म्हणाला, माणूस काळी म्हणाला, तरी बोटं पुढे सरकेनात. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं मानेला वाटत होतं. एके काळी श्वासावरून सांगितलं असतं, कोण आहे ते.

"मागे कोणी आहे का?" त्यांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. आलं असेल तर त्यांना ऐकू आलं नाही.

ताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, खुर्ची पूर्ण फिरवली, डावा कान पुढे केला आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा विचारलं.