दोन बापांमधली ट्यूब

मित्रांनो, बुलढाणा जिल्ह्याच्या आरमारातली मी सर्वांत जुनी नौका आहे. माझ्यावर आरूढ होऊन ज्यांनी जलाशयावर राज्य केलं, त्यांची नावं सुवर्णाक्षरांनी लिहिली जायला हवीत. अडचण एवढीच, की बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, म्हणून आरमारही नाही, आणि मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची एक जुनी ट्यूब आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. आई रबराच्या झाडाचा चीक होती म्हणतात. मी पाहिलेली नाही. समज आली तेव्हा मी जानेफळच्या उत्तमरावांच्या ट्रॅक्टरला होते. दसऱ्याला टायरला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. आत अंधारात श्वास रोखून कोण बसलंय, याची आठवण लोकांना फक्त पंक्चर झाल्यावर व्हायची. सोयाबीनची पोती घेऊन मी कितीदा तरी मेहकरला गेले. पण मेहकर काही पाहिलं नाही.

पुढे अंगावर ठिगळं वाढली. पंक्चरवाला एकदा म्हणाला, "उत्तमभाऊ, हिच्यात आता रबर कमी आन् पॅच जास्त हाये." मग गोठ्याच्या छपरावरचे टिन वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मला दगडांच्या जोडीनं वर टाकलं. तिथं माझ्या मधल्या गोलात एक कोंबडी अंडी घालायची. मातृत्वाचा मला आलेला अनुभव तेवढाच.

तिथून मला जानरावांनी मागून नेलं. जानराव गावाजवळच्या तलावात मासे धरतात. त्यांनी माझ्यात हवा भरली, मधल्या गोलावर बाज विणावी तशी नायलॉनची दोरी विणली, वर फळी टाकली आणि मला पाण्यात सोडलं. पायातल्या चपला काढून हातात घातल्या आणि वल्हवू लागले. मित्रांनो, आयुष्यभर ओझ्याखाली फिरले, तरंगण्याची हौस म्हातारपणी फिटली.

इतकी वर्षं जानराव माझ्यावर बसले, त्यामुळे त्यांचं ज्ञान मला थेट वरून मिळालं. रोहू आणि कटल्याचं बीज दरवर्षी आणून तलावात सोडावं लागतं, पण मरळ आपली आपण नांदते. मरळ हा दिसायला सापासारखा आणि स्वभावानं मामलेदारासारखा मासा. पावसाळ्यात नाल्याचं नवं पाणी आलं, की तलावाच्या उथळ कोपऱ्यात, बेशरमाच्या, म्हणजे काठावर आपोआप माजणाऱ्या झुडपांपाशी, मरळीची जोडी गवत बाजूला सारून ताटाएवढी गोल जागा करते. तिथं अंडी तरंगतात. पिल्लं निघाली, की त्यांचा लालभडक गोळा पाण्यावर वर-खाली करत राहतो, आणि त्याच्याखाली बाप पहाऱ्याला असतो.

"तो बापच हाये हे कसं कळलं काका? आधार कार्ड पायलं काय त्याचं?" असं गजेंद्र विचारायचा. गजेंद्र हा आमच्या तलावावरचा तरुण गडी, पोहण्यात पटाईत, बोलण्यात त्याहून.

"अबे, माय अंडे देऊन थकली असते. आन् त्याच्या तोंडावर पाय ना, किती कायजी हाये!" जानरावांचं उत्तर. आता मरळीच्या तोंडावरची काळजी कशी ओळखायची, हे मला आजवर जमलेलं नाही. पण मासा हलला नसताना जानराव त्याची जागा सांगतात, म्हणून मी वाद घालत नाही.

त्या उथळ कोपऱ्याला आमच्याकडे 'माहेर' म्हणतात. मासोळी बाळंतपणाला तिथं येते, म्हणून माहेर. आणि माहेरी आलेलीला हात लावायचा नाही. दसऱ्यापर्यंत तिथं जाळं नाही, गळ नाही. पहारा देणारा मासा उचलला, तर लाल गोळ्यातलं एकही पिल्लू बगळे आणि बाकीचे मासे ठेवत नाहीत. हा नियम कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही. तो जानरावांच्या जिभेवर राहतो. म्हणूनच तो मोडायचा असेल, तर जानरावांनी एकदा मोडला की पुरे.

मोडायला गजेंद्र टपलेलाच होता. त्याच्याकडे एक मच्छरदाणी होती. तिच्यातून डास जात नाही, मग पिल्लू कुठून जाणार? दर पावसाळ्यात तो ती खांद्यावर टाकून माहेराकडे पाहत उभा राहायचा. जानराव नुसते खाकरायचे, आणि तो घरी जायचा.

यंदा जानरावांची लेक अर्पिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माहेरी म्हणजे घरी, पाण्यातल्या नव्हे. घरी मला अंगणात खुंटीला टांगतात, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येतं. पोरीच्या तोंडाची चवच गेली होती. खाल्लेलं पोटात राहत नव्हतं. अंगात रक्त कमी आहे, हिला खाऊ घाला, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. आई सत्यभामाबाईंनी खीर केली, पिठलं केलं, धिरडी केली. पोर ताटाकडे पाहून तोंड फिरवायची. शेवटी एका दिवशी म्हणाली, "माय, मरळीचा रस्सा भेटला असता त खाल्ला असता."

जानराव तेव्हापासून रोज मला घेऊन खोल पाण्यात फिरत होते. चिलापी मिळाली, कटला मिळाला. मरळ मिळेना. मिळणार कुठून? साऱ्या मरळी कुठं होत्या, हे तलावावर त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं!

सत्यभामाबाईंनाही ठाऊक होतं. त्या दिवशी जानरावांनी पुन्हा कटला आणला, तेव्हा त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"अवो, साऱ्या तलावाचं बाळंतपण करता तुम्ही. पोरीचं कोण करन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जानरावांनी गळ काढला, एका डब्यात बेडूक घेतला, मोटरसायकलची चावी मागच्या खिशात टाकली आणि मला डोक्यावर घेऊन निघाले. या चावीकडे लक्ष असू द्या.

माझं तोंड माहेराकडे वळलं, तसा काठावरून आवाज आला.

"काका! माहेर उघडलं काय आज?"

गजेंद्रच होता.

"चूप बस बे."

"नाही, उघडलं असन त मले बी सांगा. मी मच्छरदाणी घेऊन येतो."

चपला घातलेले जानरावांचे हात पाण्यावर थांबले. मग पुन्हा चालू झाले. काठावरून नेहमी खाकरणारा माणूस आज पाण्यावर होता, आणि त्याच्यावर खाकरायला कोणी नव्हतं.

बेशरमाच्या झुडपांपाशी आम्ही थांबलो. लाल गोळा समोरच होता. नखाएवढी पिल्लं, सगळी मिळून चुळबुळ चालली होती. जानरावांनी गळाला बेडूक लावला. मित्रांनो, पहाऱ्यावरचा बाप भूक लागली म्हणून गळाला येत नाही. पिल्लांजवळ जे हलेल त्याला तो चावतो. म्हणजे त्याला पकडायला कौशल्य लागत नाही. त्याचं बाप असणं पुरतं.

एवढ्यात खालून माझ्या बुडाला धाडकन धडक बसली. मी अख्खी हलले. थोड्या वेळानं पुन्हा एक. हातभर मासा, आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबला ढुशा देत होता! तेही माझ्यासारखीला, जिनं सोयाबीनचा ट्रॅक्टर पेललाय!

पाण्यावर एक बाप, पाण्याखाली एक बाप, आणि मधे मी.

जानराव गळ हातात धरून बसून राहिले. मग ते हळूच पाण्याला म्हणाले, "मही बी पोरगीच हाये रे बाबा. दोन दिवस झाले, काही खाऊन नाही राह्यली."

खालून तिसरी धडक आली. त्याचं उत्तर तेवढंच होतं.

जानरावांनी बेडूक सोडवून पाण्यात टाकला. तो गोळ्याच्या उलट दिशेनं पळाला. बेडकालाही परिस्थिती कळली होती. गळाची दोरी गुंडाळून झाली, आणि परतण्यासाठी जानराव फळीवरून जरा सरकले.

तेव्हा मागच्या खिशातली चावी माझ्या सर्वांत जुन्या पॅचमध्ये घुसली.

फुस्स्स्स्स्.

तो आवाज कसा होता, हे मी लहान मुलांसमोर सांगू नये. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. तो आवाज जानरावांचा होता असं तलावावर आजही बोललं जातं. मी जाहीरपणे सांगते, तो माझा होता.

कमरेएवढ्या पाण्यातून, चिखल तुडवत, माझं रिकामं कातडं हारासारखं गळ्यात घालून जानराव काठाला आले. गजेंद्र पोट धरून हसत होता, पण त्यानं हात देऊन त्यांना वर ओढलं.

"भेटली काय मरळ?"

"तिचा नवरा भेटला."

"मंग?"

"घरात लहान लेकरं हायेत म्हणे. सवड नाही."

गजेंद्रचं हसू थांबलं. जानरावांच्या हातातल्या रिकाम्या गळाकडे त्यानं पाहिलं आणि तो तलावाच्या बांधाच्या भिंतीकडे गेला. दुपारी तो आमच्या अंगणात उभा होता. हातात डबाभर झिंगे, तलावातली बारीक कोळंबी.

"भिंतीजोळचे हायेत," तो आधीच म्हणाला. "माहेरातले नाही."

सत्यभामाबाईंनी तव्यावर कांदा-मिरची घालून झिंगे परतले. जानराव लेकीसमोर अपराध्यासारखे बसले होते. "आणत होतो वं बाई. पण त्याचे पिल्लं लयच लहान हायेत."

"कितीक लहान?"

जानरावांनी करंगळीचं नख दाखवलं. अर्पितानं ते नख बराच वेळ पाहिलं. तिचा हात पोटावर होता.

"मंग राहू द्या," ती म्हणाली. मग तोंडाला पदर लावून, "आन् बाबा, तो आवाज खरंच ट्यूबचाच होता काय?"

आणि ती हसायला लागली. सत्यभामाबाई हसल्या, गजेंद्र तर हसायला होताच. हसता हसता पोरीनं भाकरी मोडली, झिंगे घेतले, आणि दुसरी भाकरी मागितली. जानराव उठून बाहेर आले आणि उगाच माझं पंक्चर शोधत बसले. ते तर दिसतच होतं.

आता अर्पिताची मुलगी पाळण्यात आहे. पाळण्यावर गजेंद्रची मच्छरदाणी आहे. "मले तिचा उपयोग नाही, खिळ्यात अटकून फाटली," असं सांगून त्यानं ती दिली; फाटलेली मात्र कुठं दिसत नाही. आणि तलावावर आता खाकरण्याचीही गरज उरलेली नाही. कोणी माहेराकडे वळला, की काठावरून कोणीतरी तोंडानं 'फुस्स्स्' करतं, बायकांसकट सगळे हसतात, आणि तो माणूस मान खाली घालून परत फिरतो. माझ्या आवाजानं एवढं मोठं कार्य होईल असं कारखान्यात कोणाला वाटलं होतं?

मित्रांनो, पाणी जपा, बेशरमाची झुडपं उगाच तोडू नका, माहेरी आलेल्या मासोळीला सुखानं नांदू द्या, असं मी सांगणार होते. पण हे सगळं जानराव सांगतातच, आणि पिल्लांचा बाप तर ढुशा देऊन सांगतो. माझी आपली साधी विनंती आहे.

कोणत्याही ट्यूबवर बसण्याआधी मागचा खिसा एकदा चाचपून पाहत जा.