अडीचनंतरचा सिनेमा

सिस्टरचं पत्र आलं, त्याला बारा वर्षं झाली. उत्तर द्यायचं राहून गेलं, असं मी टेलरदादांना सांगत आलो. दुसरं विचारणारं कोणी नव्हतं. खरं म्हणजे राहून गेलं नाही, मी दिलं नाही. सात-आठ वेळा कागदावर 'स. न. वि. वि.' लिहून झालं. त्याच्यापुढे पेन सरकलं नाही. मग ते पत्र मी मोठ्या शब्दकोशात ठेवून दिलं. शब्दकोश रोज हाताशी असायचा, त्यामुळे ते पत्रही रोज हाताशी राहिलं.

पत्र लहानच होतं. 'काल टीव्हीवर दीपगृहाचा सिनेमा लागला होता. पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. बोट परत येत नाही. तुम्ही लिहिलं होतं, येते. तुम्ही लिहिलंत तेव्हा वॉर्डात सात वर्षांची एक मुलगी होती, तिला मी हा सिनेमा रोज थोडाथोडा सांगत होते. तिला तुमचाच शेवट सांगितला. रविवारी ती गेली. खरा शेवट मला झेपला नसता, असं तुम्हाला का वाटलं? रागावले नाही. उत्तर मात्र हवं आहे.'

हे कळायला आमच्या गुरुवारांबद्दल सांगायला हवं.

आम्ही चौघं होतो. टेलरदादा, त्यांची धाकटी बहीण म्हणजे सिस्टर, पोस्टमन आणि मी. मी वाचनालयात कारकून होतो आणि सतत काखेत पुस्तक असायचं, म्हणून मला सगळे मास्तर म्हणत. आयुष्यात मी कोणाला एक अक्षरही शिकवलेलं नाही. सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला सगळं गाव सिस्टर म्हणायचं, तेव्हा टेलरदादा म्हणायचे, "तुमची आत्ता झाली, माझ्या डोक्यावर जन्मापासून बसलीय."

दर मंगळवारी, सिस्टरच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी टेलरदादांच्या दुकानात बैठक व्हायची. कापड बेतायच्या टेबलावर वर्तमानपत्राचं सिनेमाच्या जाहिरातींचं पान पसरलं जायचं. गुरुवारी दादांचं दुकान बंद, माझं वाचनालयही बंद, आणि पोस्टमन त्या दिवशी आपली पत्रं अक्षरशः धावत वाटून यायचा. त्यामुळे आमचा खेळ ठरलेला, गुरुवारी दुपारी बाराचा. कुठला सिनेमा हे मात्र कधीच सहजासहजी ठरायचं नाही. दादांना रुबाबदार कपड्यांचे सिनेमे आवडत. पोस्टमनला रडवणारे लागायचे. एकदा दोघांची इतकी जुंपली की दादांनी खुणा करायच्या खडूने टेबलावर दोन थिएटरंच काढली आणि म्हणाले, तू या थिएटरात बस, आम्ही त्या.

सिनेमा बघून आल्यावर मतंही ज्याच्या-त्याच्या धंद्याची. नायक बापाच्या प्रेतावर पडून रडत असायचा आणि दादांना दिसायचं की त्याच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय. पोस्टमनची तक्रार अशी की कुठल्याच सिनेमात पाकिटावर धड पत्ता नसतो, तरी पत्र बरोबर नायिकेच्याच हातात कसं पडतं. सिस्टर दवाखान्याचा प्रसंग आला की पदर तोंडाला लावून हसायची. म्हणायची, "मरणारं माणूस एवढं बोलत नाही." माझं मत कोणी विचारायचं नाही. विचारलं असतं तरी मी 'बरा होता' एवढंच म्हटलं असतं.

अडचण एकच होती. सिस्टरची दुपारपाळी तीनला सुरू व्हायची आणि सिनेमा सुटायचा तीनला. त्यामुळे तिला अडीचला उठावं लागे. सहा वर्षांत तिने एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. सुरुवातीला दादा तिला घरी सांगायचे, पण ते सगळं शेवटच्या प्रसंगातल्या शेरवानीवरच अडायचं. पोस्टमन नेमका शेवटालाच डुलकी काढायचा. एकदा ती वैतागून म्हणाली, "मास्तर, तुम्ही लिहून द्या बाई. तुम्हाला बोलता येत नाही, लिहिता तरी येत असेल."

अशी ती पद्धत पडली. कडेची खुर्ची सिस्टरची, म्हणजे उठताना कोणाचे पाय तुडवायला नकोत. तिच्या शेजारची माझी, कारण तिने कुठे सोडलं हे मला नेमकं कळायला हवं. अडीचच्या सुमाराला ती छातीवर अडकवलेलं घड्याळ पडद्याच्या उजेडाकडे वळवायची. मग खुर्चीच्या हातावर बोटाने दोनदा टकटक करायची. म्हणजे, इथून पुढे तुम्ही. आणि वाकून निघून जायची.

मी घरी जाऊन शेवट लिहायचो. दोन-तीन पानं व्हायची. पत्र दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिच्या हातात पडायचं. गावातल्या गावात पत्र, म्हणून मी एकदा पोस्टमनला तसंच न्यायला सांगितलं. तो म्हणाला, "तिकीट लावा. तिकिटाशिवाय मी प्रेमपत्रंसुद्धा नेत नाही." माझे कान तापले. त्यानंतर प्रत्येक पाकिटावर मी तिकीट अगदी कोपऱ्याला लावून, काटकोनात चिकटवत आलो.

प्रेमपत्रं नव्हती ती. पण तशी सवय मला दुसऱ्या कुठल्याही कामाची लागली नाही. एरवी चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही आणि त्या कागदावर मात्र पाऊस, भांडणं, विमानं, सगळं माझ्या हातून घडायचं.

दीपगृहाच्या सिनेमाच्या आठवड्यात सिस्टर नेहमीची नव्हती. मंगळवारी बैठकीला आली, पण पसरलेल्या पानाकडे तिने पाहिलंही नाही. वॉर्डात एक केस आहे, एवढंच म्हणाली. सिनेमा साधा होता. दीपगृह सांभाळणारा बाप आणि त्याची मुलगी. वादळात कोणाला तरी वाचवायला बाप बोट घेऊन जातो. बोट काठावरून निघाली आणि अडीच वाजले. सिस्टरने टकटक केली, उठली, आणि जाता जाता प्रथमच काही बोलली. हळूच म्हणाली, "बोट येऊ दे एवढी."

बोट आली नाही. मुलगी रात्रभर वाट पाहते, सकाळ होते, आणि संध्याकाळी ती एकटी जिना चढून दिवा लावते. मग पुढच्या संध्याकाळी. मग त्याच्या पुढच्या. संपलं.

घरी जाऊन मी लिहायला बसलो. 'वाट पाहते' इथपर्यंत खरं लिहिलं. पुढे हात अडला. मग मी बोट परत आणली. बाप ओलाचिंब होता, त्याच्या हाताला खरचटलं होतं, मुलीने त्याला घोंगडी दिली, हे सगळं मी रचलं. शुक्रवारी दादांना कबूल केलं आणि म्हटलं, तिला सांगू नका. ते तोंडात टाचण्या धरून काज करत होते. टाचण्या काढून म्हणाले, "खोटं शिवलंस खरं. पण मापात शिवलंस." पोस्टमनलाही त्यांनीच गप्प केलं.

एकदा जमलं की माणूस सोकावतो. त्यानंतर मी आणखी दहा शेवट बदलले. कोणाला वाचवलं, कोणाची गाडी चुकवली, एका म्हाताऱ्या जोडप्याला घर परत दिलं. सिस्टर बैठकीत म्हणायची, हल्ली सिनेमे बरे काढायला लागलेत. पोस्टमन खाली बघून चहा फुंकत राहायचा.

मग तिची बदली झाली, लांबच्या गावी. निघण्याआधीच्या गुरुवारी ती पाळीवर नव्हती. नेहमीप्रमाणे आम्ही चौघं बसलो. अडीच वाजले, तिने घड्याळ उजेडाकडे वळवलं, सवयीने अर्धी उठली, आणि पुन्हा बसली. शेवट आम्ही दोघांनी एकत्र पाहिला. काय होता, तो मला आज आठवत नाही. दिवे लागले. लोक उठायला लागले. दादा आणि पोस्टमन पुढे गेले. ती बसून राहिली, म्हणून मीही बसून राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायची पाळी माझी होती, हे मलाही कळत होतं. पण शेवट तिने पाहिला होता, माझ्याकडे लिहायला काही उरलं नव्हतं, आणि न लिहिता काही सांगायचं मला माहीत नव्हतं.

"बरा होता," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली आणि पिशवी उचलली.

त्यानंतर बावीस वर्षांनी ते पत्र आलं. मधल्या काळात पोस्टमन गेला, थिएटर पडलं, त्याजागी गाड्या लावायची जागा झाली. सिस्टरने लग्न केलं नाही. दादांची दृष्टी सुईला पुरेनाशी झाली, तेव्हा ते दुकान बंद करून तिच्याकडे राहायला गेले. मी इथेच राहिलो. पत्र वाचलं तेव्हा मला फक्त ती सात वर्षांची मुलगी दिसली. मरणाऱ्या लेकराला मी खोटी बोट दिली होती. 'रागावले नाही' असं सिस्टरने लिहिलं होतं, पण पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला जे लिहिलेलं असतं त्याच्या उलट वाचायची खोड असते. मी राग वाचला आणि शब्दकोश मिटला.

गेल्या सोमवारी सकाळी टेलरदादांचा फोन आला. ते आता पंच्याऐंशीचे आहेत, फोनवर दुकानातल्यासारखेच ओरडून बोलतात. सिस्टरला दवाखान्यात ठेवलं होतं. डोळे वर्षभरापूर्वीच गेले होते, आता बाकीचंही थकलं होतं. डॉक्टर काय म्हणतात, असं विचारलं तर म्हणाले, डॉक्टर काय, आम्ही शिंप्यांनीसुद्धा कधी पक्की तारीख दिली नाही. दुपार झाली की ती विचारते, मास्तरांचं पत्र आलं का. ते रोज उद्या येईल सांगतात.

मी निघतो, असं म्हणालो. गाडीला रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो, गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो.

"येऊन काय करशील?" दादा म्हणाले. "तिला दिसत नाही, आणि तू बोलत नाहीस. दोघांच्या मधे मीच बसून राहीन. थांब, फोन तिच्या कानाला लावतो."

मी नको म्हणायच्या आत खरखर झाली. मग तिचा श्वास ऐकू यायला लागला. मला काय-काय म्हणायचं होतं. निदान 'सिस्टर' एवढं तरी. पंच्याहत्तरीच्या माणसाने फोन हातात धरून नुसतं उभं राहावं, ह्याची लाज वाटत होती.

मग फोनवर बोटाने हळूच दोनदा वाजलं. टक, टक.

"एवढं गप्प दुसरं कोण असणार," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "लिहा, मास्तर."

तेवढंच बोलली. मरणारं माणूस फार बोलत नाही, हे तिनेच आम्हाला सांगितलं होतं.

मी शब्दकोशातून पत्र काढलं आणि पुन्हा वाचलं. बारा वर्षं मी त्या मुलीवरच अडलो होतो. पण सिस्टरने मुलीबद्दल जाब विचारलाच नव्हता. तिने एकच प्रश्न विचारला होता. खरा शेवट मला झेपला नसता, असं तुम्हाला का वाटलं?

सिनेमातली मुलगी रोज संध्याकाळी जिना चढून दिवा लावते. सिस्टर अडीचला उठून वॉर्डात जायची, ती आणखी काय करायला जात होती? रविवारी वॉर्डातली ती मुलगी गेली आणि सोमवारी तीन वाजता सिस्टर पाळीवर हजर होती. मंगळवारी बैठकीला आली, दादांशी सिनेमावरून भांडली. त्या बैठकीत मी तिला पाहिलं होतं. तिला कोणी बोट परत आणून देण्याची गरज नव्हती. थिएटरमध्ये दिवे लागेपर्यंत डोळे पुसत बसलेला माणूस मी होतो.

लिहायला तीन तास लागले. 'स. न. वि. वि.' गाळलं. आधी अकरा सिनेमांचे खरे शेवट लिहिले, एकेक, जमेल तेवढे नीट. दादा वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं काढलं. दीपगृह सगळ्यात शेवटी घेतलं. जिन्याला किती पायऱ्या होत्या, मुलीने काडी कशी ओढली, पहिली काडी विझली, हेही लिहिलं, कारण ते तसंच होतं. मग खाली लिहिलं, 'तुम्हाला झेपला नसता असं नव्हे. मला झेपला नव्हता. अजून झेपत नाही.' आणखी एक ओळ लिहिली. ती इथे सांगत नाही. ती दादांना ओरडून वाचावी लागेल, ह्याचंही मला त्या वेळी काही वाटलं नाही.

पाकीट चिकटवलं. पत्ता दोनदा तपासला, पोस्टमनने नावं ठेवायला नकोत. तिकीट कोपऱ्याला लावून, काटकोनात चिकटवलं. पत्र पोचायला दोन दिवस लागतात, कधी तीन. पेटीपर्यंत चालत गेलो. पेटीवर लिहिलं होतं, टपाल निघण्याची वेळ चार. घड्याळात अडीचला पाच मिनिटं कमी होती.

पाकीट फटीतून आत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. खाली दुसऱ्यांची पत्रं असावीत.