चौदा-बच्या बाजूने

मी शिंपी माणूस. बाहीचं माप विचारा, झोपेतही सांगेन. पण दादाला नेमकं त्याच आठवड्यात पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, आणि मानक समितीच्या बैठकीला त्याच्या कारखान्याचा प्रतिनिधी म्हणून त्याने पाठवलं कुणाला, तर मला! धन्य आमचा दादा.

त्याच्याकडे पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेणारं यंत्र बनतं. मीटरसमोर धरलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडातून, इन्फ्रारेडमधून, आकडे यंत्रात येतात. हे सगळं एका जुन्या मानकावर चालतं. ते रद्द झालं तर यंत्र कुणी घेणार नाही, कारखान्याला टाळं.

"पहिला विषय नव्या वेगवान मानकाचा. तिथे गप्प बस. दुसरा आपलं जुनं चालू ठेवण्याचा, तिथे हात वर कर. एवढं जमेल ना?" दादाने विचारलं. न जमायला काय झालं?

बैठकीत तीन तास नुसता भडिमार. वेग, कोन, अंतर, सुसंगतता. माझं डोकं गरगरायला लागलं. सगळे मान हलवत होते म्हणून मीही हलवली. मग अध्यक्ष म्हणाले, "पाहुण्यांना निघायचंय, दुसरा विषय आधी घेऊ."

आता आली का पंचाईत! आधी घेतला म्हणजे तो पहिला झाला, की दुसराच राहिला? शेजारच्या टायवाल्याला हळूच विचारलं. तो म्हणाला, "हो, तसंच." अरे बाबा, तसंच म्हणजे कसं?

तेवढ्यात मतदान सुरू. "चौदा-बच्या बाजूने?" सहा हात वर गेले. पहिलं मतदान, म्हणून मी घट्ट गप्प. पुढच्याला मात्र असा हात उंचावला की बगलेतली शिवण उसवली.

टायवाल्याने माझा हात हातात घेतला. "आभार हं! चौदा-बला, म्हणजे जुन्याला, सात मतं लागत होती, सहाच पडली. तुम्ही आमच्या नव्याच्या बाजूने याल असं वाटलं नव्हतं."

स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बाहेर येऊन दादाला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं.

दादा म्हणाला, "कारखान्यातल्या बाराजणींना उद्या तूच सांग. माझ्याच्याने व्हायचं नाही."

फोन वहिनीने घेतला. यंत्राच्या जोडणीला तीही बसते, पहिल्या दिवसापासून.

"बारा नाही, भावजी, मला धरून तेरा," ती म्हणाली. "माझ्यापासून सुरुवात करा. बोला, ऐकतेय मी."