घुमणारा हात

दिपालीच्या उजव्या तळव्याला कान लावला की आत गिरणी चालल्यासारखं घरघरायचं. सासूनं, सुभद्राबाईनं, निकाल देऊन टाकला, "पोरीच्या हातात देवी आलीया." झालं! मंगळवारी रहाटणीतल्या बाया ओट्या घेऊन दारात. अंगठा सुजून काळानिळा पडलाय, चाकणच्या कंपनीत वायरी जोडताना पोर डोळे पुसते, हे एकीलाही दिसेना.

मग एका सकाळी नखाजवळून रक्ताची चिळकांडी उडाली. नवऱ्यानं, शेखरनं, शिफ्ट सोडून तिला दवाखान्यात नेलं. तिथला मोठा डॉक्टर मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, "अंगठा काढावा लागेल. पसरलं तर पंजा." जणू भेंडीचं देठ खुडायचं होतं!

अंगठा गेला की काम गेलं, भाकरी गेली, लेकराची वेणी गेली. दिपाली उठली ती सासूला घेऊन थेट रक्तवाहिन्यांच्या डॉक्टर साधनांकडे.

साधनाबाईंनी आधी तळव्याला कान लावला. "आजी, आवाज खरा आहे."

सासू फुलली. "मी म्हन्लं न्हवतं?"

"पण आत रक्त घुमतंय. धमनीतलं रक्त बारीक नळ्यांमधून मुरत शिरेत जायला हवं. इथं जन्मापासून दोघींची थेट गाठ पडलीय. सगळं रक्त तिकडेच पळतं, अंगठा उपाशी."

"पाटाला भगदाड पडल्यावानी? मंग बुजवा की!"

"तेच करणार. पण शेजारचा पाट बुजला तर बोट जाईल. आणि एका खेपेत भागणार नाही." खोटा धीर दिला नाही बाईनं. असली माणसं शोधून सापडत नाहीत.

जांघेतून केसाएवढी नळी हातापर्यंत गेली. दिपाली जागी होती. पडद्यावर नळी भगदाडाशी पोचली, आता औषधी डिंक सोडायचा, तेवढ्यात साधनाबाई थांबल्या. "नाही. ही बोटाला रक्त नेणारी वाट आहे." नळी मागं घेतली, पुन्हा पहिल्यापासून. अंगावर शिशाचा जड कोट, मान घामानं चिंब. पण हात ढळला नाही. दुसरा कुणी "चालतंय" म्हणून मोकळा झाला असता, आणि बोट गेलं असतं पोरीचं.

तिसऱ्या खेपेनंतर नखाला गुलाबी रंग आला. साधनाबाईंनी आपला दंड पुढं केला. "काढ चिमटा."

दिपालीनं अंगठा आणि बोट जुळवून असा चिमटा काढला की बाई ओरडल्या, "आई गं!"

"अगं बये, डाक्टरीनबाईला व्हय!" सासूनं कपाळाला हात लावला.

"काढू द्या, आजी," दंड चोळत साधनाबाई हसल्या. "अजून जोरात!"