एनॉकची सही

हॉल्मथॉर्प या विलायती गावात मागच्या निवडणुकीपर्यंत मत द्यायचं म्हणजे चौकातल्या मचाणावर चढायचं आणि गावादेखत उमेदवाराचं नाव खणखणीत घ्यायचं. खोगीर शिवणाऱ्या एनॉक सगडननं लिबरल, म्हणजे जमीनदारांच्या विरोधातल्या, उमेदवाराचं नाव घेतलं, तेव्हा खाली त्याच्या घरमालक जमीनदाराचा कारभारी उभा होता. लगोलग चौकातलं दुकान गेलं. कालव्याकाठच्या ओल्या खोलीत बायको हॅना त्याच हिवाळ्यात खोकून खोकून गेली. त्याचा जिवलग मित्र अ‍ॅब्नर यानं मात्र त्याच मचाणावर थरथरत जमीनदाराच्या माणसाचं नाव घेतलं होतं. तेव्हापासून एनॉकनं त्याच्याशी बोलणं टाकलं. गावात दुसरं कुणी आपलं नव्हतं, पण वाकेल तो एनॉक कसला!

आता सरकारनं नवा कायदा केला. मत गुप्त, कागदावर नुसती फुली. कुणाचं दुकान जाऊ नये म्हणूनच केलेला कायदा. पण एनॉकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत कारकून नियम वाचून दाखवत होता, तेव्हा ‘गुप्त’ शब्द ऐकताच हा उठून चालता झाला.

मतदानाला गेला तर दारात हवालदार.

“काका, त्या फळीच्या आड जा.”

“आड? मी काय चोरी करायला आलोय?”

“सरकारचा हुकूम आहे. तुमच्याच भल्यासाठी.”

“माझं भलं सरकारला कधीपासून कळायला लागलं रे?”

हवालदार हसला आणि त्यानं म्हाताऱ्याला हलकेच आत सारलं. आत फळी, पेन्सिल आणि एनॉक. ना जयजयकार, ना शिव्या, ना अंगावर नासकी अंडी. हॅनाला पुरून घरी आल्यावरही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्यानं फुली मारली. मग, मत बेवारशी राहू नये म्हणून, खाली ठसठशीत सही केली.

संध्याकाळी अ‍ॅब्नर दाराशी आला.

“एनॉक, आज मी आपल्या माणसाला मत दिलं.”

“बघायला कोण होतं?”

“कुणी नव्हतं, म्हणून तर देता आलं, गड्या. त्या वेळी घरात पोरं लहान होती.”

“मी तर सही ठोकून आलो! वाचू दे साऱ्यांना.”

अ‍ॅब्नरचा चेहरा उतरला. “सही केलीस? अरे, नाव लिहिलेला कागद बाद करतात. मोजतच नाहीत.”

ज्या मतापायी एनॉकचा संसार धुळीला मिळाला, ते या खेपेला पेटीतच फुकट गेलं होतं.

“माझं आहे ना,” अ‍ॅब्नर हळूच म्हणाला, “ते आपल्या दोघांचं धर.”

“धरलं असतं रे. पण ते खरंच दिलंस, हे मला कसं कळायचं?”

शपथ घेऊन भागणारं नव्हतं आणि पुरावा तर कायद्यानंच ठेवला नव्हता. अ‍ॅब्नरनं टोपी डोक्यावर ओढली आणि तो कालव्याच्या वाटेला लागला. त्याला हाक मारावी असं एनॉकला फार फार वाटलं. पण त्यानं दार लावून घेतलं.