शंभर टक्क्यांची ढाल

मी जिल्ह्याची फिरती ढाल बोलतेय. फिरती म्हणायची आपली सवय, बाकी माझं फिरणं थांबून बरीच वर्षं झाली. मुख्याध्यापकांच्या खोलीत, काचेच्या कपाटात, मधल्या खणात मी उभी असते. दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर माझ्यावरच पडते. पूर्वी मला त्याचं कोण कौतुक होतं! आता कोणी कपाटापुढे थांबलं की वाटतं, पुढे सर रे बाबा, बघण्यासारखं काही नाही इथे.

पण आधी माझा तोरा सांगते, म्हणजे मला शरम कशाची वाटते ते कळेल.

एका सुताराने आणि एका पत्रेवाल्याने मिळून मला चार दिवसांत बनवलं. आत साधं प्लायवूड, वरून पितळेचा पातळ पत्रा, मधोमध उघडं पुस्तक आणि मशाल. शिक्षण कार्यालयाचा कारकून न्यायला आला तेव्हा त्याने मला एका हाताने उचललं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, "अहो, ही तर अगदीच हलकी आहे." सुतार हसला. "स्टेजवर कोण वजन करायला बसलंय, साहेब?"

खोटं नव्हतं ते. समारंभात मला घेताना मुख्याध्यापक लोक दोन्ही हात पुढे करायचे, गुडघ्यात थोडे वाकायचे आणि फोटो निघेपर्यंत असा चेहरा करायचे, जशी काही लोखंडी तिजोरीच उचलली आहे. दरवर्षी हे बघून बघून मलाही वाटायला लागलं की आपण भारी आहोत.

नियम सोपा होता. जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्ये शेवटच्या परीक्षेचा निकाल ज्या शाळेचा सगळ्यात चांगला, तिच्याकडे मी वर्षभर राहायचं. शाळेचं नाव आणि साल कोरलेली एक छोटी पितळी पट्टी माझ्या अंगावर ठोकायची. लागोपाठ तीन वर्षं जिंकली, तर मी कायमची त्या शाळेची. आणि निकाल काढायचा कसा, तर परीक्षेला बसले किती आणि पास झाले किती. बसलेच नाहीत, त्यांचा रकाना कुठल्याच कागदावर नव्हता.

खूप शाळा बघितल्या मी. एका शाळेत दोनच शिक्षक होते आणि वर्ग सहा. त्यांनी मला जिंकून नेलं तेव्हा त्यांच्याकडे ठेवायला कपाटच नव्हतं. मग मला खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि ते दोघं वर्षभर स्टुलावर बसले. दुसऱ्या एका शाळेत सकाळी सातला जादा तास चालायचा आणि विज्ञानाच्या बाई डबा खायचा विसरून प्रयोगाच्या वह्या तपासायच्या. माणसं राबायची हो, मनापासून राबायची. त्यांच्या पट्ट्या अजून माझ्या अंगावर आहेत आणि त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मग मी या शाळेत आले. इथे मला मावशी भेटल्या.

मावशी म्हणजे शाळेच्या शिपाई. झाडलोट, घंटा, पाणी, सगळं त्यांच्याकडे. दर शनिवारी शाळा सुटली की त्या मला कपाटातून काढायच्या, टेबलावर जुनी चादर घालून तिच्यावर आडवी ठेवायच्या आणि लिंबाच्या फोडीला मीठ लावून घासायला बसायच्या. एकेक पट्टी, तिचे कोपरेसुद्धा. घासताना बोलायच्या. नवरा गेल्यावर ही नोकरी कशी मिळाली ते सांगायच्या, गुडघा कसा दुखतो ते सांगायच्या. त्यांची लेक तिथेच जमिनीवर बसून गणितं सोडवायची. मावशी तिला बयो म्हणायच्या. बयोला नर्स व्हायचं होतं. बाकी विषयांत बरी होती, गणित मात्र तिच्या हातून सुटता सुटत नसे. चुकलं की खोडरबराने असं खसाखसा खोडायची की वहीला भोक पडायचं. मग मावशी म्हणायच्या, "हळू गं, वही काय झाडून काढायची आहे का?" आणि दोघी हसत सुटायच्या.

जिल्हाभर जीपच्या मागच्या सीटवर आदळत फिरलेली मी. एवढ्या मायेने माझ्या अंगावरून कोणी हात फिरवला नव्हता. मला वाटायला लागलं, आपण इथेच राहावं. या हातांतच राहावं. एवढीच माझी इच्छा होती आणि तिचीच मला आज लाज वाटते.

पहिली दोन वर्षं शाळेने मला सरळ मार्गाने जिंकलं. तिसरं वर्ष लागलं. मोठ्या बाईंचं, म्हणजे इथल्या मुख्याध्यापिकांचं, निवृत्तीचं वर्षही तेच. बाई वाईट नव्हत्या. शाळेचं छप्पर गळत होतं तेव्हा कार्यालयात खेटे घालून घालून त्यांनीच ते नवीन करून घेतलं होतं. पण सहामाहीचे मार्क हातात आले आणि त्यांनी लाल पेनाने चार नावांखाली रेघ ओढली. काठावरची मुलं. ही चार बसली नाहीत, तर निकाल शंभर टक्के.

गणिताचे सर माझ्यासमोरच बाईंशी भांडले. चौघंही पास होतील, मी जादा तास घेतो, माझ्यावर सोडा, असं म्हणाले. बाई म्हणाल्या, आणि नाही झाली तर? हमी कोण देणार? दुसऱ्या दिवशी सरांनी विषय काढला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग तो विषय सगळ्यांनीच सोडून दिला.

एका दुपारी बाईंनी मावशींना बोलावलं. बसा म्हणाल्या. इतक्या वर्षांत मावशी त्या खोलीत खुर्चीवर पहिल्यांदा बसल्या, तेही अगदी कडेला. बयोची तब्येत नाजूक आहे, ताण सोसणार नाही, सहा महिन्यांनी बाहेरून परीक्षेला बसवू, तिच्याच भल्याचं आहे, असं बाईंनी समजावलं. मावशींनी विचारलं की नर्सिंगचा प्रवेश या वर्षी हुकेल का. एका वर्षाने काय होतंय, बाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांची नजर एकदा माझ्याकडे वळली. मावशींची पाठ माझ्याकडे होती, त्यांना ते दिसलं नाही. 'आम्ही राजीखुशीने अर्ज करतो' असा कागद होता. मावशींनी सही केली. "तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असेल, बाई," एवढंच म्हणाल्या.

आणि मी? सही झाली तेव्हा माझ्या मनात आलं, चला, आता आपलं इथेच राहायचं पक्कं झालं. मी खूश झाले. सांगताना तोंड लपवावंसं वाटतं, पण झाले.

त्या शनिवारी मावशी नेहमीसारख्या घासायला बसल्या. बयो वही न उघडता भिंतीला टेकून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, आम्ही चौघं आहोत. एकाला सांगितलंय वय कमी पडतंय, एकीला सांगितलंय हजेरी कमी आहे, एकाला सांगितलंय अर्ज उशिरा आला. आणि मला सांगितलंय माझी तब्येत नाजूक आहे. मी कधी आजारी होते गं?"

मावशींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. उठून त्यांनी मला कपाटात ठेवलं. अर्धी अंघोळ झालेली, अंगावर लिंबाचे ओघळ तसेच. घरी निघताना लेकीला एवढंच म्हणाल्या, "सही मी केली, बयो. माझ्या हाताने केली."

निकाल लागला. शंभर टक्के. जिल्ह्याच्या समारंभात साहेब माइकवरून म्हणाले की या शाळेने एकही मूल मागे राहू दिलं नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. सगळ्यात जुन्या कर्मचाऱ्याने ढाल स्टेजवर आणायची असा इथला रिवाज, म्हणून मला घेऊन मावशीच वर आल्या होत्या. टेबलावर ठेवून त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. गणिताचे सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, मान खाली घालून नुसते बुटांकडे बघत होते. बाईंनी मला दोन्ही हातांनी उचललं, गुडघ्यात वाकून. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला वाटतं ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी या शाळेची तिसरी पट्टी माझ्यावर ठोकली. खिळे चारच होते आणि लहानच होते, पण ते अजून सलतात.

सहा महिन्यांनी बयो बाहेरून परीक्षेला बसली. गणिताच्या सरांनी तिला रोज संध्याकाळी घरी जाऊन शिकवलं, न सांगता, न मिरवता. गणितात तिला चोपन्न मिळाले. काठावर नाही, चांगले चोपन्न. गुणपत्रिका घेऊन मावशी नवीन मुख्याध्यापकांकडे आल्या. पास झालेल्यांची नावं शाळेच्या फळ्यावर लिहायची पद्धत आहे. मावशींनी विचारलं, "सर, हिचं नाव लिहायचं ना फळ्यावर?"

मुख्याध्यापकांनी गुणपत्रिका बघितली. शाळेच्या नावाची जागा मोकळी होती. माणूस भला, गुणपत्रिका त्यांनी दोन्ही हातांनी परत केली. म्हणाले, "मावशी, मनापासून अभिनंदन. पण ती आपल्या यादीत बसत नाही ना."

मावशींनी कागदाची नीट घडी घातली आणि त्या कामाला लागल्या.

त्यानंतरही त्या दर शनिवारी मला घासायच्या. कामात कुचराई त्यांच्या रक्तात नव्हती. पण तोंडातून शब्द नाही, आणि ती एक पट्टी सोडून. लिंबाची फोड तिच्या कडेपर्यंत यायची आणि वळायची. हळूहळू ती पट्टी काळी पडत गेली. बघणारे म्हणायचे, त्या वर्षी पितळ हलक्या प्रतीचं मिळालेलं दिसतंय. ज्या हातांसाठी मी इथे राहायची हाव धरली, ते हात मला मिळाले खरे, पण त्यातली माया गेली. तक्रार कोणत्या तोंडाने करू?

गेल्या महिन्यात मावशी निवृत्त झाल्या. छोटा कार्यक्रम झाला, आणि ढाल यांनीच इतकी वर्षं चकचकीत ठेवली म्हणून तिच्यासोबत एक फोटो हवा असं कोणीतरी सुचवलं. मावशींना नको म्हणता आलं नाही. बयो आली होती. आता ती मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. एक वर्ष उशिरा झाली, पण झाली. आजारी माणसांना उठवून बसवणं, कुशीवर वळवणं, हे तिचं रोजचं काम. मावशींचा गुडघा दुखत होता म्हणून कपाटातून मला तिने काढलं. तीही आधी दोन्ही हात पुढे करून, पाय रोवून उभी राहिली होती. मग एक हात आपसूक खाली गेला. तिने काळ्या पट्टीवरचं साल वाचलं.

"आई," ती म्हणाली, "एवढीशी हलकी आहे गं ही."

मावशींनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. फोटो निघाला. त्यात मी बयोच्या एका हातात आहे, दप्तर धरावं तशी.

आता मला पुसायला नवीन माणूस येतो. हुशार आहे, बाटलीतलं पॉलिश आणतो आणि दहा मिनिटांत काम उरकतो. परवा ती काळी पट्टी बघून म्हणाला, पुढच्या वेळी हिला चांगली घासून काढतो. मला तोंड नाही, नाहीतर मीच त्याला सांगितलं असतं. तुमचं या खोलीत कधी येणं झालं, तर तुम्ही सांगा. म्हणावं, बाकी सगळं लखलखीत कर बाबा. ती एक पट्टी तेवढी राहू दे.